पाखरांच्या नावावर गेलेलं शेत

मला पाखरांचा राग नाही, हे आधीच सांगून टाकते. कारण या विषयावर मी तोंड उघडलं की समोरचा माणूस पहिल्यांदा हेच विचारतो, "म्हणजे तुम्ही पक्ष्यांच्या विरोधात आहात का?" अहो, कशाला असेन? लहानपणापासून त्यांच्यातच वाढले. माझा राग माणसांवर आहे. तो अजून उतरलेला नाही, आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

शेत माझ्या आत्याचं. सातबाऱ्यावर माझ्या वडिलांचं आणि तिचं, दोघांचंही नाव होतं; पण वडील जन्मभर मुंबईत नोकरीला, त्यांनी शेतात पाय टाकला तो पाहुण्यासारखा. आत्या लग्न होऊन गेली आणि थोड्याच वर्षांत नवरा वारला म्हणून माहेरी परत आली. आली ती दुसऱ्या दिवशी पदर खोचून शेतात गेली. त्या काळी विधवा बाईनं घरात बसावं, पोरं सांभाळावी, भांडी घासावी अशी रीत होती. आत्यानं ती मोडली. कोणी काही बोललं तर म्हणायची, "माझा भार कोनावर नको." आम्ही वर्षभर जो तांबडा भात खायचो तो तिच्या हातचा. वडील गेले, मी लग्न करून नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमध्ये आले, वालीवला खोके बनवणाऱ्या एका कारखान्याचं ऑफिस सांभाळायला लागले, तरी दर दिवाळीला तिच्याकडून तांदळाचं पोतं यायचंच.

गाव आमचं कळंबच्या अलीकडे, खाडीच्या बाजूला. गावामागे खाजण. खाजण म्हणजे खाडीला लागून असलेली खारी जमीन, तिला मातीचे बांध घालून भरतीचं पाणी अडवायचं आणि पावसाच्या पाण्यावर भात घ्यायचा. बांधात लाकडी फळ्यांचं एक दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. भात कापून झाला की उघाडी उघडायची. खाडीचं पाणी आत येतं, घोट्याएवढं उभं राहतं, त्याच्याबरोबर कोळंबी, बारकी मासळी, खेकडे येतात. गावाची चैन. आणि त्याच पाण्यावर थंडीत पाखरं येतात. शेकड्यांनी येतात. लांब लाल पायांची, वाकड्या चोचीची, चिखलात सारखी टोचत फिरणारी. आत्याला त्यांची नावं माहीत नव्हती. ती सगळ्यांना मिळून "पावनी" म्हणायची, म्हणजे पाहुणी. पुढे मे महिन्यात उघाडी बंद, चिखल सुकला की बांधांची डागडुजी, मग पाऊस, मग लावणी.

ही डागडुजी म्हणजे आमच्या गावाचा कणा. मे महिन्यातला एक दिवस ठरायचा आणि त्या दिवशी प्रत्येक घरातून एक माणूस बांधावर गेलाच पाहिजे. घरात लग्न असो नाहीतर आजारपण. कारण बांध एकच, आणि एका घरानं आपला तुकडा कच्चा ठेवला तर खारं पाणी सगळ्यांच्या शेतात शिरणार. मग तीन-चार वर्षं तिथं गवतसुद्धा उगवत नाही. त्यामुळे आमच्याकडे गावानं एक ठरवलं की ठरवलं. तिथं 'माझं मत वेगळं आहे' वगैरे लाड नाहीत. सगळ्यांनी तेच करायचं, तेच बोलायचं. बाहेरच्या माणसाला याचं कौतुक वाटायचं. मलाही वाटायचं. याच गुणानं आमचं वाटोळं केलं, ते आता सांगते.

मधल्या काळात वसई-विरारकडे सगळ्यांच्या नजरा वळल्या, तशा आमच्या खाजणाकडेही वळल्या. खाजणाच्या एका टोकाला एका बिल्डरनं थोडी जमीन घेतली आणि राबिटाचे डंपर येऊन रिकामे व्हायला लागले. राबिट म्हणजे पाडलेल्या इमारतींचा कचरा, विटा, सिमेंटची ढेकळं, तुटके संडास. ते त्यानं थेट उघाडीच्या तोंडाशी टाकलं. त्याचा हिशेब सोपा होता. पाण्याची वाट बंद केली की शेत मरतं, शेत मेलं की शेतकरी विकतो. गावातले लोक डंपरसमोर आडवे झाले. पोलिसांत गेले. पोलिसांनी त्यांनाच समजावलं. आमदाराकडे गेले, चहा मिळाला.

तेव्हा एक कॅमेरेवाला भेटला. विरारला राहणारा, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, दर रविवारी भलामोठा कॅमेरा घेऊन आमच्या बांधावर येणारा. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. तो आत्याच्या ओट्यावर बसून चहा प्यायचा, तिला मावशी म्हणायचा, कॅमेऱ्यातले फोटो मोठे करून दाखवायचा. आत्या म्हणायची, "बघ बाय, आपली पावनी कशी नटून बसली हायेत."

त्यानंच गावाला वाट दाखवली. देवळाच्या सभामंडपात गाव जमलं होतं, मीही रविवार म्हणून गेले होते. तो उभा राहून म्हणाला, "तुम्ही शेती शेती म्हणत राहिलात तर हरणार. शेतजमिनीचा वापर बदलता येतो, रोज बदलला जातो. पण पाणथळ जागा कोणी बुजवू शकत नाही. तिथं परदेशातून पक्षी येतात. तुम्ही सगळ्यांनी एकच सांगायचं. ही पाणथळ आहे, इथं बारमाही पाणी असतं, इथं पक्षी येतात, इथं शेती होत नाही."

एक म्हातारा उठून म्हणाला, "पन शेती होते की." सगळे हसले. कॅमेरेवाला पण हसला. म्हणाला, "होते हो काका, पण ते साहेबाला सांगायचं नाही."

झालं. गावानं ठरवलं. त्या सभामंडपात लोकांनी चक्क तालीम केली. कोणी काय विचारलं तर काय बोलायचं. लहान पोरं देवळात श्लोक घोकतात तसं बायका घोकत होत्या, इथं शेती होत नाही, इथं शेती होत नाही. आणि ज्यांचे हात आदल्याच आठवड्यात झोडणीच्या धुळीनं भरलेले, तेच हे घोकत होते. आम्हाला गंमत वाटत होती. बिल्डरला कशी चाट बसणार, याचीच सगळ्यांना खुशी.

गावानं तसा अर्ज दिला आणि त्याची सुनावणी तहसील कचेरीत झाली. गावातर्फे बोलायला आत्याला पुढे केलं, कारण ती घाबरत नाही आणि रोखठोक बोलते. तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. मी तिला रिक्षातून घेऊन गेले. साहेबानं चष्म्यातून बघत विचारलं, "आजी, तुम्ही तिथं काय पिकवता?"

आत्यानं पदर सारखा केला. मला वाटलं, विसरली. मग म्हणाली, "काय नाय. पानी असतं. पाखरं येतात."

"शेती?"

"मी तिथं शेती करत नाय."

साहेबानं लिहून घेतलं. तिनं खाली सही केली, मागोमाग गावातल्या एकेकानं तोच जबाब देऊन सही केली. आत्या चौथी शिकलेली आहे, सही सावकाश पण नीट करते. बाहेर आल्यावर गावानं टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. तिनं मात्र रिक्षात बसल्यावर एवढंच म्हटलं, "जिभेला कसंतरी झालं गो." मी म्हटलं, "आत्या, चांगल्या कामासाठी होतं ते."

बिल्डर मागे हटला. डंपर थांबले, उघाडी मोकळी झाली. पेपरात फोटो आला, 'परदेशी पाहुण्यांच्या माहेराला जीवदान'. आत्या मधोमध, शेजारी कॅमेरेवाला. फोटो तिनं भिंतीवर लावला. त्या पावसात तिनं नेहमीसारखी लावणी केली, भात कापला, मला पोतं पाठवलं. साहेबाला काय सांगितलं ते साहेबापाशी, शेत आपल्यापाशी, असंच सगळ्यांना वाटत होतं. गावाला कागदाची ताकद ठाऊक नव्हती असं नाही. पण कागद आपण बिल्डरवर फेकून मारला, तो तिकडेच लागला, असा गावाचा समज.

पुढे काही वर्षं गेली आणि नोटिसा आल्या. खाजण आणि खाडीचा काठ मिळून स्थलांतरित पक्ष्यांसाठी राखीव क्षेत्र करायचं ठरलं होतं, त्यासाठी जमिनी संपादित करायच्या होत्या. हरकती घ्यायला मुदत दिली होती. लोक आधी हसलेच. पाखरांसाठी जमीन घ्यायची? पाखरं तर आहेतच, येतातच. त्यासाठी आम्हाला काढायचं कशाला? मग हळूहळू कळायला लागलं की हसण्यासारखं काही नाही.

हरकतींच्या सुनावणीला मी कारखान्यातून रजा काढून गेले. आत्यानं पुन्हा तेच हिरवं लुगडं नेसलं होतं. साहेब वेगळा, तरुण, एसीतला, गोड बोलणारा. मला गोड बोलणाऱ्या साहेबांची चीड आहे, ओरडणारे परवडले. आत्या म्हणाली, "साहेब, ही आमची शेती हाय. मी लग्नानंतर माहेरी आले तवापासून करते."

साहेबानं फाइल चाळली. त्याला शोधावं लागलं नाही, वरच होतं. त्यानं हळू आवाजात वाचून दाखवलं. तिचं नाव, तिच्या वडिलांचं नाव, गाव, आणि मग, "सदर ठिकाणी मी शेती करत नाही. तिथे पाणी असते व पक्षी येतात." खाली तिची सही. त्यानं कागद तिच्याकडे फिरवला. "आजी, ही सही तुमचीच ना?"

"व्हय."

"मग आता तुम्ही म्हणताय शेती करता. यातलं खरं कुठलं?"

खोलीत गावातले लोक दाटीवाटीनं उभे होते, एकानं तोंड उघडलं नाही. कारण सगळ्यांच्या सह्या होत्या. सगळ्यांनी तेच सांगितलं होतं, शब्दाला शब्द. पीकपाहणीच्या रकान्यात त्या जबाबानंतर 'पड, पाणथळ' असं लिहिलं गेलं होतं, आणि ते कोणी बघितलंही नव्हतं. बघतंय कोण? भात तर दरवर्षी येत होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही गाडीत बसा आणि चला आत्ता. उभा भात दाखवते. हाताला लागेल तुमच्या." तो म्हणाला, "मॅडम, आवाज कमी करा. मी रेकॉर्डवर जातो." मी आवाज कमी केला नाही. शिपायानं येऊन मला दाराशी नेलं. मी दारातून सांगितलं की माझ्या आत्याच्या हाताकडे बघा, रेकॉर्ड तिथं आहे. साहेबानं बघितलं नाही. आत्यानं मात्र दोन्ही हात पदराखाली घेतले. त्या हालचालीचा मला आजही इतका राग येतो की हे लिहिताना पेन थांबवावं लागलं. जन्मभर ज्या हातांनी कमावून खाल्लं, आम्हाला खाऊ घातलं, ते हात तिला लपवावेसे वाटले.

सुनावणी आटोपल्यावर मी कॅमेरेवाल्याला फोन लावला. तो आता त्या राखीव क्षेत्राच्या सल्लागार समितीवर होता. त्याला वाईट वाटलं होतं, खरंच वाटलं होतं, आवाजावरून कळतं. म्हणाला, "मी समितीत तुमच्या लोकांचा विषय मांडला. पण ताई, कायद्यानं एकदा जागा पाणथळ ठरली की..." मग थोडं थांबून म्हणाला, "निदान बिल्डरच्या घशात तर गेली नाही ना."

निदान. मी फोन ठेवला. हा शब्द बोलायला किती सोपा असतो, ज्याचं काही गेलेलं नसतं त्याला. माझ्या आत्यासाठी गेली ती गेली. बिल्डरनं घेतली असती तर निदान गाव त्याला शिव्या तरी देऊ शकलं असतं. आता शिव्या द्यायच्या कोणाला? पाखरांना?

जमीन गेली. मोबदला आला तो पडीक जमिनीचा म्हणून आला. आत्यानं तिचा हिस्सा बँकेत टाकला आणि पासबुक माझ्याकडे देऊन टाकलं, त्याला हातही लावला नाही. खाजणाला तारेचं कुंपण पडलं. जिथं गावाचं खळं होतं, जिथं भात झोडायचो, तिथं पार्किंग झालं. लाकडी मनोरा उभा राहिला, फरशीची वाट आली, सेल्फी काढायला सिमेंटचा एक भलामोठा रोहित पक्षी आला, गुलाबी रंगाचा. तिकीट लागलं. रविवारी बोरिवलीपासून गाड्या येतात. लोक वेफर्स खातात आणि पोरांना सांगतात, बघ, निसर्ग. एकदा मी मुद्दाम तिकीट काढून आत गेले. माहिती फलकावर लिहिलं होतं की हे ठिकाण 'मानवी हस्तक्षेपापासून मुक्त' आहे. मी तिथल्या तिथं मोठ्यानं दोन शब्द उच्चारले, ते इथं लिहिता येत नाहीत. एका बाईनं पोराचे कान झाकले.

त्यानंतरच्या पहिल्या मे महिन्यात डागडुजीला बांधावर कोणी गेलं नाही. जायला परवानगीच नव्हती. आत्या मात्र डागडुजीच्या ठरल्या दिवशी सकाळी फावडं घेऊन ओट्यावर येऊन बसली. शेजारची म्हणाली, "काय गो, कुठं?" तर म्हणाली, "कुठं नाय." आणि जेवायच्या वेळेपर्यंत तिथंच बसून राहिली. मला शेजारणीनं नंतर सांगितलं. मी आत्याला म्हटलं, माझ्याकडे चल, फ्लॅटवर राहा, लिफ्ट आहे, पाणी येतं. ती आली आणि चार दिवसांत परत गेली. म्हणाली, "तुज्या घरात मला काय कामच नाय."

पावसाला सुरुवात झाली तेव्हा तिनं घरामागच्या परसात थोडं रोप टाकलं. मला वाटलं, सवय आहे, जीव रमतोय, असू दे. मीही हौसेनं बघितलं, हिरवंगार रोप उगवलं होतं. कुठं लावणार हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असंही आता वाटत नाही, कारण तिनं सांगितलं नसतं.

जुलैच्या एका दिवशी दुपारी कारखान्यात फोन आला. राखीव क्षेत्राच्या वनरक्षकाचा. "तुमच्या आत्या इथं आहेत, तब्येत ठीक आहे, पण तुम्ही लगेच या." मी मालकाला सांगून निघाले. वालीवहून कळंबच्या रस्त्याला लागेपर्यंत डोक्यात नको नको ते विचार. पाय घसरला, साप चावला, काहीही.

फाटकाजवळच्या पत्र्याच्या खोलीत आत्या खुर्चीवर बसली होती. गुडघ्यापर्यंत चिखल, लुगडं भिजलेलं, केसांत पाणी. शेजारी टेबलावर रोपाच्या दोन जुड्या ओल्या पडल्या होत्या. वनरक्षक साताऱ्याकडचा, पन्नाशीचा, मिशीवाला माणूस. त्यानं तिला चहा दिला होता आणि स्वतःचा टॉवेल अंगावर घालायला दिला होता. मला बघून त्याला बरं वाटलं.

"ताई, काय सांगू," तो म्हणाला. "तार वाकवून आत गेल्या. मला मनोऱ्यावरून दिसलं, कोणीतरी वाकून काहीतरी करतंय. जाऊन बघतो तर लावणी चाललेली. चांगला अर्धा तुकडा लावून झालाय. मी म्हटलं, आजी, बाहेर या. तर म्हणाल्या, ही ओळ पुरी होऊ दे. आणि मी पण उभा राहिलो, काय करणार. माझी आई अशीच लावते."

मला हसावं की रडावं कळेना. मी आत्याकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

वनरक्षकानं दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "हे बघा, आज पाहुणे होते, दोन-तीन जणांनी व्हिडिओ काढलाय. वरच्या साहेबांचा फोन येऊन गेला. मला काहीतरी लिहावंच लागेल. पण राखीव क्षेत्रात अतिक्रमण करून लागवड केली असं लिहिलं तर गुन्हा होतो, केस होते, कोर्टात जावं लागतं. या वयात कशाला? मी असं लिहितो की आजी शिंपल्या वेचायला चुकून आत आल्या. शेतीबितीचा काही उल्लेख नको. समज देऊन सोडलं. विषय संपला. फक्त त्यांनी तसं सांगायला पाहिजे."

माणूस भला होता. मी सुटकेचा श्वास सोडला. खरं सांगायचं तर मला तिला घरी न्यायचं होतं, कोरडं लुगडं नेसवायचं होतं, दुसरं काही सुचत नव्हतं. मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "आत्या, सांग ना. शिंपल्या वेचायला आले होते म्हण. एवढंच तर म्हणायचंय."

तिनं माझ्याकडे वळून बघितलं. ती माझ्यावर कधी रागावत नाही, लहानपणी सुद्धा रागावली नव्हती. पण त्या वेळी तिच्या डोळ्यांत राग होता.

"एकदा तुमी सांगितलं तसं बोलले," ती म्हणाली. "तुमी सगळ्यांनी सांगितलं, म्हनून बोलले. शेत गेलं."

"आत्या, केस होईल."

"होऊ दे." ती वनरक्षकाकडे वळली. "दादा, तुमी भले मानूस हायेत. पन शिंपल्या नका लिवू. मी शेती करत होते. तसंच लिवा."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. त्यानं कागद ओढला आणि लिहायला लागला. मध्ये त्यानं व्यवसाय विचारला आणि तिच्या उत्तराची वाट न बघता सवयीनं 'घरकाम' असं म्हणत लिहायला घेतलं. आत्या म्हणाली, "शेती." त्यानं खोडलं आणि वर लिहिलं.

मग त्यानं वाचून दाखवलं. साधी सरकारी भाषा होती. सदर महिला राखीव क्षेत्रात कुंपण ओलांडून प्रवेश करून भाताची लावणी करत असताना मिळून आल्या. विचारणा केली असता, आपण सदर जमिनीत पूर्वीपासून भातशेती करत असल्याचे त्यांनी सांगितले.

"परत वाचा," आत्या म्हणाली.

त्यानं परत वाचलं. तिनं मान हलवली. मग टॉवेलला हात पुसले, नीट पुसले, एकेक बोट, आणि कागद जवळ ओढून सही केली. माझा संताप साहेबांवर होता, कॅमेरेवाल्यावर होता, आणि तिला शिंपल्या म्हणायला सांगणाऱ्या माझ्या या तोंडावर होता.

वनरक्षकानं ओशाळून सांगितलं की लावलेलं रोप काढावं लागेल, तसा नियम आहे. आत्या म्हणाली, "काढा. तुमचं काम हाय ते."

बाहेर पाऊस लागला होता. मी रिक्षा थांबवली, तिला आधार द्यायला हात पुढे केला, तिनं तो घेतला नाही. रिक्षात बसल्यावर तिनं मला विचारलं, कोर्टात बोलावणं यायला किती दिवस लागतात. मी म्हटलं, घाबरू नकोस, मी वकील बघते, तुला जावं लागणार नाही असं काहीतरी करू.

"मी कुठं घाबरते?" ती म्हणाली. "तारीख लवकरची मागून घे. मी जिती हाय तवर. मला साहेबासमोर उभं राहून सांगायचं हाय."